लेखणी खाली ठेवल्यावर

लेखन हा बैठा धंदा, सबब त्यात श्रम ते कसले, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही फार दिवसांपासून नांदत आली आहे. हमालाने ओझे उतरवून घाम पुसला तर त्यास कोणी हटकीत नाही; शेतकरी बांधावर टेकला तर जाणारायेणारा रामराम करून त्याच्याशी दोन शब्द बोलतो; पण लेखक टेबलापासून उठून अंगणात येरझारा घालू लागला की, "आज काही काम नाही वाटतं?" हा प्रश्न ठरलेला. प्रश्न विचारणारांस आम्ही दोष देत नाही. त्यांस दिसते ते एवढेच की, सकाळी जो मनुष्य खुर्चीत होता तो दुपारीही खुर्चीतच आहे आणि त्याच्या पुढ्यातील कागदावर फार तर दीड परिच्छेद वाढला आहे. एवढ्याशा मजुरीस विसावा कशाला, असे त्यांस वाटले तर नवल नाही. नवल हे की, खुद्द लेखकासही तसेच वाटत असते. एक दिवस खाडा झाला तर त्यास चोरी केल्यासारखे होते. दोन दिवस झाले तर आपली लेखणी कायमची आटली की काय, या शंकेने त्याची झोप उडते.

त्यातून हल्लीचा काळ. पूर्वी संपादकांचे स्मरणपत्र टपालाने येई. ते लिहिले जाऊन हाती पडेपर्यंत दोन-तीन दिवस जात आणि तेवढ्यात लेख पुरा होण्याचा संभव असे. आता तो निरोप रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर येतो आणि आपण तो वाचला हे सांगणाऱ्या दोन निळ्या खुणा पाठविणारास तत्क्षणी दिसतात. झोपलो होतो, हे सांगण्याचीही सोय राहिलेली नाही. कामाने येणाऱ्या या शिणाची नोंद २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत घेतली. मात्र रोग म्हणून नव्हे, तर कामधंद्याशी निगडित अवस्था म्हणून. ही नोंद आम्हांस मार्मिक वाटते. रोग असता तर औषध मागता आले असते. अवस्था म्हटल्यावर उपाय एकच उरतो व तो सर्वांच्या जिभेवर असतो: विश्रांती घ्या. विश्रांती घ्या म्हणजे नक्की काय करा, हे मात्र कोणी सांगत नाही.

लेखकाचा शीण बोटांत नसतो. कारकून त्याच्याहून अधिक लिहितो आणि सहा वाजता पिशवी घेऊन स्वस्थ चित्ताने घरी जातो. आमच्या मते हा शीण निराळ्याच ठिकाणी असतो. लिहिणारा मनुष्य खोलीत एकटा दिसला तरी एकटा नसतो. त्याच्या खांद्यावरून वाकून कोणीतरी सदैव वाचीत असते. त्यात संपादक असतात, टीकाकार असतात, व्याकरणाचे जुने गुरुजी असतात आणि कधी कधी ज्यास हा लेख वाचून वाईट वाटणार आहे असा एखादा नातलगही असतो. वाक्य उमटण्यापूर्वीच त्याचे वाचन सुरू झालेले असते. हे अदृश्य वाचक लेखक जेवायला बसला तरी उठत नाहीत, दिवा मालवला तरी जात नाहीत. तेव्हा लेखकाचा विसावा म्हणजे हाताचा विसावा नव्हे. खांद्यावरची ही गर्दी काही वेळ पांगली तरच तो विसावा.

हा विचार आमच्या मनात ठसला तो आमच्या नगरच्या किल्ल्यामुळे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले असले तरी जुन्या वळणाची माणसे नगरच म्हणतात आणि आमच्याही लेखणीस तीच सवय आहे. वाटोळा तट, भोवती खंदक, निजामशाहीच्या आणि चांदबिबीच्या आठवणी, असा हा भुईकोट. ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीच्या पुढाऱ्यांस मुंबईत पकडून येथे आणून ठेवण्यात आले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, आपले शंकरराव देव असे सारे मिळून बाराजण येथे बंदीत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथे लिहिला, हे नगरच्या शाळेतील पोरही सांगते. तो केव्हा लिहिला, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

तो लिहिला गेला १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. म्हणजे किल्ल्यात पाऊल ठेवल्यापासून वीस महिने लोटल्यावर. या वीस महिन्यांत दैनंदिनी होती, घरची पत्रे होती, वाचन तर होतेच. पण ग्रंथास हात लागला नव्हता. हात लागला होता तो कुदळीस. इतर तुरुंगांप्रमाणे येथेही नेहरूंनी बागेचे वेड घेतले आणि उन्हाची पर्वा न करता रोज तासन्‌तास खणून फुलांचे वाफे तयार केले. किल्ल्यातील जमीन अत्यंत वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. खणता खणता मधूनच एखादा प्राचीन अवशेष हाती येई. ही सारी हकीकत त्यांनी ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात दिली आहे. पूर्वी डेहराडूनच्या तुरुंगात आरंभलेले एक लिखाण अर्धवट राहिले होते, त्याच वाटेने हेही जाते की काय, अशी धास्तीही तेथेच व्यक्त केलेली आहे. एवढ्या मोठ्या लेखकासही ती चुकली नाही, हे वाचून आमच्यासारख्यांस जो धीर येतो तो कोणत्याही उपदेशाने येत नाही. पुढे पाच महिन्यांत हाताने लिहिलेली हजारभर पाने झाली.

कोणी म्हणेल की, तुरुंगात लेखकास विसाव्याची वाण ती कसली. तेथे विसाव्याखेरीज दुसरे असते काय? आक्षेप सोपा आहे, परंतु तुरुंगातील रिकामा वेळ हा विसावा नव्हे. बाहेर देश पेटलेला, आप्तेष्टांच्या बातम्या उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या, सुटकेची तारीख कोणास ठाऊक नाही. असा रिकामा वेळ मनुष्यास कामापेक्षा अधिक लवकर झिजवितो. त्या रिकामपणापासूनच सुटका करून घ्यावी लागते. कुदळीचे काम त्यास उपयोगी पडले याचे कारण उघड आहे. माती वाचीत नाही. वाफा सरळ आला की वाकडा आला यावर कोणी अभिप्राय लिहीत नाही, आणि बी रुजले नाही तर त्यात खणणाराच्या कीर्तीस बाध येत नाही.

त्याच तटाच्या आत मौलाना आझादांचा क्रम अगदी उलट चालला होता. त्यांनी आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून लिहिण्यास आरंभ केला. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठावे, चिनी चहा आपल्या हाताने सिद्ध करावा (दूधसाखर घातलेल्या आपल्या चहाविषयी त्यांचे मत इतके कडक आहे की नगरी वाचकाने ते मनास लावून घेऊ नये), आणि मित्रवर्य हबीबुर्रहमान खान शेरवानी यांस पत्र लिहावे. पत्र टपालात पडणार नाही हे लिहिणारास पुरते ठाऊक होते. ही न धाडलेली पत्रे पुढे १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्याचे भूषण ठरली. पण लिहिताना ती कोणासाठीच नव्हती. राजकारणाचा भार ज्याच्या शिरावर, ज्याचा शब्दन्‌शब्द मित्रांकडून आणि शत्रूंकडून तोलला जाई, अशा पुरुषास जे वाचले जाणार नाही असे लिहिणे हाच विसावा होता. एका धर्मपंडिताने आणि पक्षाच्या अध्यक्षाने चिमण्यांवर पानेच्या पाने लिहावीत, हे एरवी कसे घडले असते? त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी करण्याचा घाट घातला व काड्याकचऱ्याचा वर्षाव होऊ लागला. मौलानांनी प्रथम छत्री उगारली, मग बांबू उगारला, आणि दोन्ही युद्धांत पराभव पावून तह केला. दाणे टाकू लागले. पुढे चिमण्या हातावर येऊन टिपू लागल्या. एकीचे नाव मोती ठेवले, एका चिड्याचे कलंदर.

या हसण्यामागे काय होते, हे विसरून चालणार नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यास निवर्तल्या. आजार वाढल्याच्या बातम्या किल्ल्यात येत होत्या. सरकारकडे काही मागणे असेल तर कळवावे, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविलेही. परंतु मौलानांनी त्या सरकारापुढे याचना करण्याचे नाकारले. त्या दिवसांत आपण दिनक्रमात फरक पडू दिला नाही, चेहऱ्यावरही काही दिसू दिले नाही, आणि हे करण्यास किती आटापिटा पडला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. हे पत्रही त्याच न धाडलेल्या पत्रांतले. त्यानंतरची पत्रे मोजकीच आहेत. सप्टेंबर १९४३ मध्ये संगीतावरचे, आपण तरुणपणी सतार शिकलो त्या दिवसांविषयीचे एक दीर्घ पत्र आहे आणि तेथे ही मालिका थांबते. बंदिवास मात्र पुढे दीड वर्षाहून अधिक काळ चालू राहिला.

एकाने वीस महिने खणले आणि मग लिहिले. दुसऱ्याने तेरा महिने लिहिले आणि मग लेखणी ठेविली. तट एक, भात एक, पहारेकरी एक. आमच्या हल्लीच्या आरोग्यलेखकांनी, जे दर पंचवीस मिनिटांस पाच मिनिटे उठा असे सांगतात, त्यांनी हा किल्ला एकदा पाहून जावा. ते नियम वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. पाठदुखीस ते गुणकारी आहेतच. पण पाठीचे वेळापत्रक मनास लागू पडत नाही.

आंरी प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्याच एका शोधाची गोष्ट सांगितली आहे. बरेच दिवस एका प्रश्नाशी झुंजून तो भूगर्भशास्त्रीय सहलीस गेला, प्रवासाच्या गडबडीत गणित विसरला, आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता उत्तर आपोआप पुढे आले. ही गोष्ट सहलीच्या समर्थनार्थ फार सांगतात. पण त्यानेच पुढे जोडलेले वाक्य सहसा कोणी सांगत नाही. आधी कित्येक दिवस जाणूनबुजून, आणि वरवर पाहता निष्फळ, श्रम झालेले असल्याशिवाय असे उत्तर येत नाही. आणि आल्यावर ते तपासून मांडण्यास पुन्हा श्रम लागतातच. पायरी सर्वांस मिळते. आधीचे दिवस ज्याचे त्याने आणावयाचे असतात.

आमच्या जिल्ह्यात हे समजावून सांगण्यास फ्रान्सपर्यंत जाण्याचेही कारण नाही. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्यास अडविली गेली आणि ते धरण १९२६ साली पुरे झाले. धरणातले पाणी कालव्यांस सतत सोडीत नाहीत; पाळीपाळीने सोडतात, त्यास येथील शेतकरी आवर्तन म्हणतो. दोन आवर्तनांच्या मधला काळ पाहून परक्यास वाटावे की कालवा बंद पडला. पण ज्याने ऊस लावला आहे त्यास पाणी येण्याइतकेच पाणी थांबण्याचेही मोल ठाऊक असते. याच प्रवरेच्या लाभक्षेत्रातील काही उत्तम काळ्या जमिनी अतिपाण्याने खारवट आणि चोपण होऊन बसल्या. पाणी मुरत गेले, निचरा झाला नाही, जमिनीतले पाणी वर चढले आणि उन्हाने ते उडून जाताना क्षार वर ठेवून गेले. अशा रानात पांढुरका थर दिसतो आणि पीक तग धरीत नाही. पाणी कमी पडून उजाड झालेले पाथर्डी-जामखेडकडचे रान निराळे, आणि पाणी अधिक होऊन उजाड झालेले हे निराळे. पहिले एका पावसाने हिरवे होते. दुसऱ्यास चर खणून, निचरा करून, वर्षे मोजीत बसावे लागते.

लेखकांतही हे दोन प्रकार आम्ही पाहिले आहेत. ज्यास सुचत नाही त्याची काळजी सर्वजण करतात. ज्यास सतत सुचते, जो प्रत्येक दिवाळी अंकास होकार देतो, जो प्रत्येक घटनेवर सायंकाळपर्यंत मत नोंदवितो, त्याचे कौतुक होते; आणि त्याच्या लिखाणावर पांढुरका थर धरू लागला आहे हे त्यास सांगण्याचे धैर्य कोणास होत नाही. तोही थांबत नाही, कारण थांबला तर आपली जागा जाईल हे भय. हे भय खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. जागा जाते. मजकुराच्या मोलावर ज्याचा महिना चालतो त्यास विसाव्याचा उपदेश करणे, हे भुकेल्यास उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

ज्यास परवडते त्याचीही गंमतच असते. तो भंडारदऱ्यास जातो. मृगाच्या आधी तेथे झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात, ते पाहण्यास आता इतकी मंडळी लोटतात की मोटारींच्या दिव्यांपुढे काजव्यांस वाव उरत नाही. आमचा लेखकमित्र त्या गर्दीतही एक टिपणवही घेऊन उभा असतो. काजवे त्याच्या डोळ्यांत शिरण्यापूर्वीच प्रवासवर्णनात शिरतात. परत आल्यावर तो अधिकच थकलेला दिसतो, आणि हवा मानवली नाही असे सांगतो. आम्ही स्वतः संध्याकाळी पायी निघतो तेव्हा खिशात कागद-पेन्सिल ठेवीत नाही व भ्रमणध्वनी घरी राहतो. वाटेत चांगले वाक्य सुचते आणि घरी येईपर्यंत नाहीसे होते. होऊ द्यावे. जे खरोखरच आपले असते ते दुसऱ्या दिवशी बहुधा परत दाराशी येते. आणि न आलेल्यांबद्दल हळहळत बसण्याइतकी ती मोलाची असतात, असे आम्हांस वाटेनासे झाले आहे.

प्रवरेच्याच काठी खाली नेवासे आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी ज्या खांबास टेकून गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब तेथे आहे. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. नऊ हजार ओव्यांचा तो ओघ अखंड वाटतो. पण जवळून पाहणारास त्यात थांबे दिसतात. कित्येक अध्यायांच्या आरंभी ज्ञानदेव गीतेचा श्लोक बाजूस ठेवून श्रोत्यांशी बोलू लागतात, नाही तर सद्‌गुरूंच्या स्तवनात रमतात; अर्थाची घाई कोठे नसते. टीकाकार या भागांस मंगलाचरण म्हणतात, ते शास्त्रशुद्धच आहे. आम्हांस मात्र तेथे पाठ टेकलेली दिसते.

आता ज्या प्रश्नाकडे या विषयावर लिहिणारे पुरुष सहसा वळत नाहीत, त्याकडे वळणे प्राप्त आहे. लेखक उठून बाहेर जातो तेव्हा घर कोण सांभाळते? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बराच काळ राहुरी आणि नगर येथे गेला. फुलामुलांचा हा कवी मनात आले की घर सोडून निघे, कधी न सांगताही. खिशातला पैसा आणि घरातली वस्तू मागणाऱ्यास देऊन मोकळा होई. पाहुण्यांचा राबता अखंड असे. बालकवी ठोंबरेही काही काळ त्यांच्याच आश्रयास होते. हे सारे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त इतक्या हसतमुखाने सांगितले आहे की वाचणारा टिळकांच्या भोळेपणावर खूष होतो, आणि त्या भोळेपणाचा हिशेब चुलीपाशी कोणी चुकता केला हे त्याच्या उशिरा ध्यानात येते. टिळकांचे निघून जाणे त्यांच्या काव्यास मानवले असेल. लक्ष्मीबाईंस मात्र निघून जाण्यास जागा नव्हती.

१९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोडेच अध्याय होऊन अपुरे राहिले होते. ज्यांस शाळेचे तोंड पाहण्याचा योग आला नव्हता आणि अक्षरओळख झाली तीच लग्नानंतर, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेला बहुतेक सारा भाग ओवीबद्ध करून ते पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे गेले होते, आणि १९३६ साली त्या निवर्तल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी लेखनापासून विसावा केव्हा घेतला, असे कोणी विचारले नाही. आणि आम्ही ते पुस्तक जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा आम्हांस असेच वाटत गेले की, या बाईंनी अखेरीस कोठे बसून विसावा घेतला असेल, तर तो याच पानांत.